ग्रंथालयाचं नूतनीकरण झालं, पण प्लग पॉइंट कुठाय?

ओसरीवरचा
नमस्कार मंडळी. एका विद्यापीठात शिकवतो (नाव विचारू नका, निवृत्तीला वेळ आहे). आमच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा पहिला टप्पा गेल्या वर्षी 'अत्याधुनिक' झाला. काचेचं दार, चकचकीत फरशी, फॉल्स सिलिंग, दारात आरएफआयडीचं (पुस्तकात चिकटवलेला टॅग रेडिओलहरींनी ओळखणारं) फाटक, पुस्तकं आपली आपण नोंदवून न्यायचं यंत्र, बाहेर परतीची पेटी आणि लॉबीत पुरुषभर उंचीचा टचस्क्रीन. फीत कापली, पेढे वाटले.

आज तिथे काय चाललंय ते सांगतो. फरशी इतकी गुळगुळीत की एकाने खुर्ची सरकवली तर अख्खा हॉल मान वर करतो. यंत्राशेजारी एक कर्मचारी बसवलाय, तो मुलांच्या हातून पुस्तक घेतो आणि स्वतः यंत्रावर ठेवतो. म्हणजे काउंटर गेलं नाही, फक्त सहा फूट सरकलं. टचस्क्रीनवर श्रद्धांजली आणि अभिनंदन आलटून पालटून. आणि मुलं कुठे बसतात? जिन्याखाली, जुन्या नियतकालिकांच्या मांडण्यांमागे, पंखा घरघरतो तिथे. कारण भिंतीतला जुना प्लग तिथेच शिल्लक राहिलाय.

आता दुसऱ्या टप्प्यात वाचनकक्ष आहे आणि समितीत माझी वर्णी लागली आहे. पुरवठादाराच्या सादरीकरणात रोबोट होता, पण मुलं नव्हती. तर प्रश्न असा: वापरणाऱ्यांना आधी विचारून मग बांधलेलं विद्यापीठाचं ग्रंथालय कुणी पाहिलंय का? त्यांनी नेमकं काय विचारलं, कसं विचारलं? 'सूचनापेटी ठेवा' हे उत्तर नको. आमच्या सूचनापेटीत चहाचे कागदी कप निघतात.

निळा_बोका
प्लग पॉइंट. प्लग पॉइंट. आणि खिडकीशी एक प्लग पॉइंट. धागा संपला, चहा घ्या.

अनुक्रमणिका
तीस वर्षं ग्रंथपाल होते, आता घरी नातवाला ग्रंथालयशास्त्र शिकवते, म्हणजे खेळणी जागेवर ठेवायला.

ओसरीवरचा, तो कर्मचारी यंत्राशेजारी का बसवलाय याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. यंत्र चुकतं म्हणून नव्हे (तेही चुकतं), पुस्तक हरवलं तर कुणाला धरायचं हे ठरलेलं नसतं म्हणून. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत स्वच्छ लिहिलंय की वर्षाला वाचकांच्या हाताखालून गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवले तर ते वाजवी मानावं, बेईमानी किंवा हलगर्जी नसली म्हणजे झालं. दुर्मिळ ग्रंथाची किंवा हजार रुपयांवरच्या पुस्तकाची मात्र चौकशी व्हायलाच हवी. पण लेखापरीक्षक समोर बसला की हा नियम कुणाला आठवत नाही. मग ग्रंथपाल कपाटाला कुलूप लावतो. मुक्तद्वार, म्हणजे वाचकाने मांडणीवरून स्वतः पुस्तक काढणं, कागदावर राहतं आणि कपाटाला कुलूप.

यंत्राचं एक सांगते. आरएफआयडीचं पॅड चळतीतली चार-पाच पुस्तकं एकदम वाचतं, पण टॅग एकावर एक नेमके आले तर एखादं सुटतं. जाड कादंबऱ्यांना हा त्रास नाही. बारीक कवितासंग्रहांना हमखास. टॅग प्रत्येक पुस्तकात थोडा वर-खाली चिकटवायचा असतो, पण कंत्राटदाराची पोरं रोज शेकड्यांनी टॅग लावतात, सगळे एकाच कोपऱ्यात.

निळा_बोका
थोडक्यात, मराठी कवी एकमेकांना झाकतात हे तंत्रज्ञानानेही सिद्ध केलं.

बर्फातला_कोकणी
मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी बारा वर्षं त्याच गावात राहतो. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला रॉचेस्टर. बर्फ आणि विद्यापीठ, तिसरं काही नाही.

इथल्या ग्रंथालयाने २००४ च्या सुमारास चक्क एक मानववंशशास्त्रज्ञ नेमली, नॅन्सी फ्राइड फॉस्टर. आदिवासी पाड्यावर जाऊन करतात तसला अभ्यास, पण पदवीच्या पोरांचा. 'तुम्हाला ग्रंथालयात काय हवं?' असं त्यांनी विचारलंच नाही. असं विचारलं की माणूस तोंडाला येईल ते सांगतो, नाहीतर समोरच्याला बरं वाटेल ते. त्यांनी मुलांना कॅमेरे दिले आणि यादी दिली: तुमच्या दप्तरात रोज काय असतं त्याचा फोटो, ग्रंथालयातली न आवडणारी जागा, जिथे तुम्ही हरवता ती जागा. काहींना आवाराचा नकाशा देऊन दिवसभर कुठे कुठे गेलो ते त्यावर नोंदवायला सांगितलं. आणि मग कोरे कागद देऊन म्हणाले, तुमच्या मनातलं ग्रंथालय काढा.

निघालं काय? मुलांचा दिवस ग्रंथपालांचा दिवस संपल्यावर सुरू होतो. ग्रंथपाल संध्याकाळी घरी, मुलं निबंध लिहायला बसतात रात्री. आणि निबंधात अडलं की पोरं ग्रंथपालाकडे न जाता आईबापांना फोन करतात! अमेरिकेत सुद्धा. त्या चित्रांमधून आणि गप्पांमधून जुन्या रश ऱ्हीस ग्रंथालयाच्या इमारतीतच नवी बैठक उभी राहिली, ग्लीसन लायब्ररी, २००७ साली. हलवता येणारं फर्निचर, लिहायला फळे, गटाने बसायच्या जागा. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा एक मुलगी जमिनीवर पालथी पडून वाचत होती आणि कुणी तिला उठवत नव्हतं. मला आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालबाई आठवल्या आणि मीच दचकलो.

तात्या_टाकसाळे
हे शोधायला मानववंशशास्त्रज्ञ लागते? आमच्या सखाराम शिपायाला विचारलं असतं तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं कोण कुठे बसतं, कुठे झोपतं, आणि कुणाचं कुणाशी जमलंय.

बर्फातला_कोकणी
तात्या, खरं आहे. पण सखारामला समितीत कोण बसवतो? बाईंना पीएच. डी. होती म्हणून कुलगुरूंनी ऐकलं.

अनुक्रमणिका
तात्यांचं हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडचे एक शिपाई वाचक दारातून आला की चालीवरून ओळखत, हा वर्तमानपत्राचा, हा संदर्भाचा, हा एसीचा.

स्पर्धापरीक्षावाला
मी एसीचा. 😀

चार वर्षं एमपीएससी करतोय. विद्यापीठाची पदवी झाली, ओळखपत्र संपलं, तेव्हा आता सदाशिव पेठेत पैसे भरून अभ्यासिकेत बसतो. तुम्ही 'वाचक केंद्रस्थानी' म्हणता ना, ते पेठेतल्या अभ्यासिकावाल्याला कुणी शिकवलेलं नाही, पण त्याला येतं. कारण मी गेलो तर त्याचं भाडं जातं. त्याने काय दिलंय बघा: प्रत्येकाला तीन बाजूंनी फळी लावलेलं टेबल, डोक्यावर स्वतःचं बटण असलेला दिवा, हाताशी प्लग, लॉकर, थंड पाणी, डबा खायला वेगळी खोली, रात्री उशिरापर्यंत उघडं. पुस्तक एकही नाही. मला त्याची गरजही नाही, माझी पुस्तकं माझ्या दप्तरात.

आणि विद्यापीठात? दप्तर बाहेर ठेवा, बिल्ला घ्या, स्वतःचं पुस्तक आत न्यायचं तर रजिस्टरमध्ये लिहा. लॅपटॉप न्या, चार्जर नको, कारण 'लोड येतो'.

प्रा_विसंगत
इथे मला विरोध नोंदवायचाय. ग्रंथालय ही अभ्यासिका नाही. विद्यापीठ ग्रंथसंग्रहावर पैसा घालतं ते संशोधनासाठी. तुम्ही म्हणता त्या न्यायाने 'वापरणाऱ्याला' विचारलं तर शंभरातले नव्वद म्हणतील, मांडण्या काढा, टेबलं टाका. मग उरलेल्या दहांनी १९२० चं नियतकालिक कुठे चाळायचं? वापरकर्ता म्हणजे आज खुर्चीत बसलेला एवढाच का? चाळीस वर्षांनी जो येणार आहे त्याचा फोटो कोणत्या कॅमेऱ्यात काढणार?

तात्या_टाकसाळे
+१. प्राध्यापकांशी सहमत व्हायची वेळ आली, आज कॅलेंडर बघायला हवं.

मावशी_रालेकर
प्रा_विसंगत यांच्या प्रश्नावर आमच्या नॉर्थ कॅरोलायनात एक उत्तर आहे, पटेल की नाही ते तुम्ही ठरवा. इथल्या राज्य विद्यापीठाचं हंट ग्रंथालय २०१३ मध्ये उघडलं. नूतनीकरण नव्हे, कोरी इमारत. पुस्तकं मांडणीवर नाहीतच फारशी. धातूच्या हजारो पेट्यांत, पन्नास फूट उंच रांगांमध्ये. कॅटलॉगवर क्लिक केलं की यंत्र पेटी काढून आणतं, पाचेक मिनिटांत पुस्तक काउंटरवर. वीस लाख ग्रंथ मावतील एवढी क्षमता आणि नेहमीच्या मांडण्यांना लागली असती त्याच्या नवव्या भागाइतकी जागा. उरलेल्या जागेत माणसं. मुलगा तिथे शिकत होता, त्याला आवडलेली गोष्ट म्हणजे खुर्च्या. ऐंशीच्या आसपास तऱ्हेतऱ्हेच्या खुर्च्या आहेत म्हणे, याने परीक्षेच्या दिवसांत त्यातल्या बऱ्याच झोपून तपासल्या.

यंत्र काचेमागे ठेवलंय, शाळेच्या सहली बघायला येतात. आमच्याकडे पाहुणे आले की मीही नेते, धबधबा नसल्यामुळे.

प्रा_विसंगत
आणि शेजारच्या पुस्तकाचं काय? मी जे शोधायला गेलो ते न सापडता त्याच्या डाव्या हाताचं सापडलं, यावर माझा अर्धा प्रबंध उभा आहे. पेटीत पुस्तकं विषयाने लावत नाहीत, आकाराने लावतात. तुमचं यंत्र मला मागितलेलंच पुस्तक देणार!

मावशी_रालेकर
त्यासाठी पडद्यावर आभासी मांडणी आहे. वर्गांकाच्या क्रमाने शेजारची मुखपृष्ठं दिसतात. पण तुमचं खरं आहे, धुळीचा वास नाही येत.

काना_मात्रा
तालिकाकार, म्हणजे कॅटलॉगच्या नोंदी करणारा, बोलतोय. रोबोट, खुर्च्या ठीक आहे हो. आधी पुस्तक *सापडायला* हवं ना?

कुठल्याही विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये 'ज्ञानेश्वरी' शोधून पाहा. इंग्रजीत टंकायचं तर आपण मराठी माणसं डी-एन-वाय ने सुरू करतो, ग्रंथालयांची प्रमाण रोमन लिपी जे ने सुरू करते, हिंदीवाला जी ने. तिघांना तीन वेगळे निकाल, किंवा शून्य. देवनागरीत टंकलं तर आणखी मजा. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, संगणकाला तो वेगळा. 'ॲरिस्टॉटल'चा ॲ तसाच. ग्रंथ की ग्रन्थ? शिवाय युनिकोड येण्याआधी जुन्या फाँटमध्ये केलेल्या नोंदी बऱ्याच ठिकाणी तशाच पडल्यात, उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी. ते पुस्तक मांडणीवर आहे, नोंदीत आहे, आणि तरी नाही.

मार्क नोंदीत (कॅटलॉगच्या संगणकी नोंदीचा प्रमाण साचा) मूळ लिपीसाठी ८८० नंबरचं क्षेत्र आहे, कोहासारख्या फुकट ग्रंथालय-प्रणालीत देवनागरी व्यवस्थित चालते. पैसे लागत नाहीत, माणूस लागतो. दोन माणसं, दोन वर्षं, जुन्या नोंदी दुरुस्त करायला. पण समितीला दोन माणसांची फीत कापता येत नाही.

ओसरीवरचा, एक काम करा. गेल्या महिन्यात कॅटलॉगवर जे शोध टाकले गेले आणि ज्यांना 'शून्य निकाल' आला त्यांची यादी सर्व्हरवरून मागवा. मिळत असेल तर त्याच्याइतकी खरी सूचनापेटी दुसरी नाही. त्यात चहाचे कपही नसतात.

ओसरीवरचा
काना_मात्रा, हे सोनं आहे. उद्याच मागतो.

ठिपक्यांची_भाषा
मी दृष्टिहीन आहे, हा प्रतिसाद एनव्हीडीएने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचून-ऐकून लिहितेय. (ते दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी सुरू केलेलं, फुकट मिळतं. 'खर्च परवडत नाही' हे कारण संपलं त्याला बरीच वर्षं झाली.)

टचस्क्रीन आणि ते स्वतः नोंदवायचं यंत्र माझ्यासाठी एक गुळगुळीत काच आहे. बटण कुठे, कळत नाही. आधी काउंटरवरच्या काकांना पुस्तक दिलं की काम व्हायचं. आता काका म्हणतात, 'मशीनवर जा'. म्हणजे सोय झाली आणि मी परावलंबी झाले. यंत्राला कळफलक आणि हेडफोनची खाच असली की काम भागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सुगम्यता आहे, पण निविदेच्या अटींत हे एक वाक्य कुणी लिहीत नाही. यंत्र आल्यावर मागितलं तर 'पुढच्या टप्प्यात बघू'. तुमचा पुढचा टप्पा आलाय ना? वाक्य घाला.

आणि दारापासून काउंटरपर्यंतच्या वाटेत कुंड्या ठेवू नका. कृपया. प्रत्येक नूतनीकरणात कुंड्या येतात.

निळा_बोका
कुंड्यांचं वाचून हसलो आणि मग हसू गेलं. खरंच प्रत्येक ठिकाणी असतात.

रातराणी_एफवाय
स्त्रीस्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे ते एकाही काकांनी लिहिलं नाही. आमच्याकडे वाचनकक्ष दुसऱ्या मजल्यावर, आमचं तळमजल्यावर मागच्या बाजूला, तिथला दिवा गेलेला. ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं केलं म्हणून जाहिरात झाली, वसतिगृहाचं फाटक साडेनऊला बंद. आता सांगा, ते दीड तास कुणासाठी उघडे आहेत?

प्रा_विसंगत
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मान्य.

जुना_नकाशा
जरा अवांतर. 'वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय चांगली इमारत होत नाही' हे मला सरसकट पटत नाही. राजाबाई टॉवरखालचं मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय घ्या. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आराखडा लंडनमध्ये बसून काढला, मुंबई कधी पाहिलीच नाही. १८७८ ला काम पुरं झालं. २०१५ मध्ये टीसीएसच्या निधीतून जीर्णोद्धार झाल्यावर मी आत गेलो. रंगीत काचांतून टेबलावर पडलेला उजेड पाहून वाचायचं विसरलो. म्हणजे वाचनाच्या दृष्टीने नापासच म्हणा.

बाकी आख्यायिका खरी मानली तर तो मनोरा एकाच वापरकर्तीसाठी होता. प्रेमचंद रायचंदांनी दोन लाख रुपये दिले ते आई राजाबाईच्या नावासाठी. आईला दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायचा जैन नेम, म्हणून घड्याळाचे टोले.

ठिपक्यांची_भाषा
बघा! दीडशे वर्षांपूर्वी आवाजी सूचना होती.

अनुक्रमणिका
अवांतरात मीही भर घालते. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून आणले, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या ग्रंथभांडारात फरशी काचेची आहे, वरच्या मजल्याचा उजेड खालच्या मांडणीवर उतरावा म्हणून. पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचता यावं, एवढाच हेतू. आमच्या बॅचची सहल गेली होती तेव्हा त्या काचेवर पाय ठेवायला आम्ही मुली घाबरत होतो, आणि साड्या नेसलेल्या असल्याने खालच्या मजल्यावर कुणी आहे का ते आधी बघत होतो. तेही एक वापरकर्ता-संशोधनच.

आणि रंगनाथन, आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक. त्यांची १९३१ ची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं सगळे पाठ म्हणतात, चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा'. पण पहिल्या सूत्राखाली त्यांनी काय काय घेतलंय ते कुणी बघत नाही. ग्रंथालय कुठे असावं, किती वेळ उघडं असावं, फर्निचर कसं असावं, कर्मचारी कसा असावा. ग्रंथ वापरासाठी आहेत म्हटल्यावर खुर्चीसुद्धा त्याच सूत्रात येते. प्रा_विसंगत आणि स्पर्धापरीक्षावाला, तुमचं भांडण त्यांनी आधीच एका घरात राहायला लावलंय.

स्पर्धापरीक्षावाला
घरात राहू, पण मधे भिंत हवी. आवाज येतो.

बर्फातला_कोकणी
भिंतही लागत नाही. ग्लासगोच्या एका विद्यापीठात मजल्यानुसार आवाज ठरवलाय, तळमजल्यावर गडबड, वर जाल तसं शांत. पाटी लावायची गरज नाही, जिना चढता चढता माणूस आपोआप गप्प होतो.

तात्या_टाकसाळे
आमच्याकडे जिना चढला की माणूस धापा टाकतो, तो आवाज धरायचा का?

ओसरीवरचा
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय.

बर्फातला_कोकणी यांचं ऐकून कॅमेऱ्याऐवजी मुलांचे फोनच वापरले. वर्गातल्या काहींना सांगितलं, ग्रंथालयातली एक आवडती आणि एक नावडती जागा पाठवा, लिहू काही नका. आवडत्या जागेचे जवळजवळ सगळे फोटो जिन्याखालच्या प्लगचे. नावडत्या जागेत मला वाटलं यंत्र येईल, टचस्क्रीन येईल. आला दारातला दप्तराचा कट्टा. उघड्या कप्प्यात लॅपटॉप ठेवून आत बसायचं, तर लक्ष सगळं बाहेर. एका मुलीने फोटोखाली नियम मोडून लिहिलं होतं, 'सर, मी इथे वीस मिनिटांच्या वर बसू शकत नाही.' समितीत तो कट्टा कुणाच्या यादीत नव्हता, माझ्याही नव्हता.

शून्य निकालांची यादीही मिळाली. काना_मात्रा, तुमचं ज्ञानेश्वरीचं भाकीत खरं ठरलं. पण सगळ्यात वर काय असेल? 'मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका'. मुलं कॅटलॉगमध्ये वाक्य टंकत होती, गुगलला विचारावं तसं. आणि एकाने नुसतं टंकलंय, 'बाथरूम'.

रातराणी_एफवाय, तुमच्या मुद्द्यावर दिवा लागला. स्वच्छतागृहाचा प्रश्न आराखड्यात घातलाय, फाटकाचा प्रश्न वसतिगृह समितीकडे गेलाय, म्हणजे गेलाच. निविदेत हेडफोनची खाच आणि कळफलक लिहिलाय. रोबोट नाही. लॉकर आहेत, कुलपासकट. जमिनीत ठरावीक अंतरावर प्लगचे खड्डे. फरशी तीच राहणार, म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पायाला रबर.

दोन माणसांसाठी ठराव मांडला, 'पदभरतीवर निर्बंध आहेत' म्हणून परत आला. आता कमवा-शिका योजनेतल्या मुलांकडून जुन्या मराठी नोंदी दुरुस्त करून घेता येतील का, असं ग्रंथपाल विचारतायत.

काना_मात्रा
येतील, पण मराठीची मुलं घ्या आणि ८९१.४६ पासून, म्हणजे मराठी साहित्याच्या वर्गांकापासून, सुरू करा, निदान आपलं साहित्य तरी आपल्याला सापडेल. दोन दिवस मी येऊन शिकवेन, फुकट. जेवण मात्र मेसचं नको.

ठिपक्यांची_भाषा
आणि कुंड्या?

ओसरीवरचा
उद्घाटनाला येणार आहेत, भाड्याने. दुसऱ्या दिवशी परत जातील असं लिहून घेतलंय.